घरी शिकणाऱ्या मुलांचे नववी-दहावीचे गणित: आमचा चुकत-माकत झालेला निर्णय

आमची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत हे कळल्यावर लोकांचा पहिला प्रश्न मित्रमैत्रिणींचा असतो आणि दुसरा गणिताचा. भाषा, इतिहास, अगदी विज्ञानसुद्धा आईवडील घरी शिकवू शकतील यावर लोक कसाबसा विश्वास ठेवतात, पण नववी-दहावीचे गणित म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागते. थोरलीच्या वेळी ही काळजी आम्हालाही होती. आता धाकटा चौदा वर्षांचा झाला असून तोच निर्णय पुन्हा समोर आला आहे, म्हणून मागच्या वेळी काय केले, कुठे फसलो आणि या वेळी काय वेगळे करत आहोत, ते सविस्तर लिहून ठेवते. आम्ही नाशिकला राहतो आणि मुलांचे बहुतेक सगळे शिक्षण मराठीतून झाले आहे, हे आधी सांगायला हवे, कारण पुढच्या अनेक गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

आमची मुख्य चूक अशी झाली की परीक्षा कोणत्या मंडळाची द्यायची आणि गणित कोणत्या पुस्तकातून शिकायचे, हे दोन प्रश्न आम्ही एकच समजलो. शाळेत ते खरोखरच एक असतात, कारण मंडळ ठरले की पुस्तकही आपोआप ठरते. घरी शिकणाऱ्या मुलाला मात्र ती सक्ती नसते. परीक्षा एका मंडळाची देऊन अभ्यास तिसऱ्याच पुस्तकातून करता येतो, आणि घरी शिकण्याचा जो काही फायदा आहे तो गणिताच्या बाबतीत नेमका इथेच आहे. ही साधी गोष्ट कळायला आम्हाला एक संपूर्ण वर्ष लागले.

थोरली चौदा वर्षांची झाली ते साल २०२२. त्या वेळी आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली राज्य मंडळाची, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिसरी केंब्रिजच्या आयजीसीएसईची, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची. केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या दहावीला बाहेरून बसण्याची सोय आमच्यासारख्यांना नाही, त्यामुळे तो विचार तिथेच संपला, पण सीबीएसईच्या शाळांत चालणारी एनसीईआरटीची पुस्तके वापरायला कोणाची हरकत नसते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

आम्ही आयजीसीएसई निवडले. खरे कारण सांगायचे तर पुस्तक देखणे होते. जाड कागद, रंगीत आकृत्या, प्रत्येक प्रकरणात व्यवहारातली उदाहरणे, आणि ओळखीच्या दोन घरांतली मुले तेच करत होती. एका विषयाच्या परीक्षाशुल्कात राज्य मंडळाची सगळी परीक्षा अनेकदा देऊन होईल, हे माहीत असूनही आम्ही मन घट्ट केले. गणिताचा तो अभ्यासक्रम, क्रमांक ०५८०, वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यात संच आहेत, फलने आहेत, सदिश आहेत, आणि वरच्या स्तरावर विकलनाची तोंडओळखसुद्धा आहे, जी आपल्याकडे अकरावीच्या आधी भेटत नाही. त्याचे कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर असतात, आणि कोअर घेतले तर कितीही चांगला पेपर लिहिला तरी ‘सी’च्या वर श्रेणी मिळत नाही. एका केंद्रात आम्हाला सांगण्यात आले होते की आधी कोअरची तयारी करा, पुढचे पुढे बघू. ज्या मुलीला गणित आवडते तिला हा सल्ला देणे म्हणजे धावणाऱ्याच्या पायात दोरी बांधणे होते, हे अभ्यासक्रमाची पुस्तिका स्वतः नीट वाचल्यावर कळले. तिथून धडा एवढाच घेतला की केंद्रातल्या माणसाचे ऐकावे, पण मंडळाची मूळ पुस्तिका स्वतः वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

वर्षाच्या शेवटी दोन गोष्टी खटकू लागल्या. एके दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कर्णाची लांबी काढत होती. उत्तर √५० आले. तिने क्षणाचाही विचार न करता कॅल्क्युलेटर ओढला आणि ७.०७ लिहिले. मी विचारले, याला ५√२ असे लिहिता येईल का? तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “येईल, पण कशाला? उत्तर तर आले.” तिचे चुकले नव्हते. त्या वेळच्या एक्स्टेंडेडच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांत कॅल्क्युलेटर चालत होता आणि आम्ही सराव त्याच प्रश्नपत्रिकांवर करत होतो. २०२५ पासूनच्या अभ्यासक्रमात एक संपूर्ण प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरविना झाली आहे, तेव्हा ही उणीव इतरांनाही जाणवली असावी. पण आमच्या घरात तोपर्यंत तेरा साते किती यासाठीही बटण दाबण्याची सवय लागली होती आणि ती मोडायला चार महिने गेले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती, आणि ती माझ्या नाही, माझ्या सासऱ्यांच्या लक्षात आली. अण्णा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. शंकू-साखळीने मोजणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे त्यांच्या बोलण्यात सहज येते. एका सुट्टीत त्यांनी नातीला विचारले, “एका शेताच्या चारही बांधांची लांबी मी तुला दिली, तर शेत किती गुंठ्यांचे ते सांगशील?” ती म्हणाली, सांगेन, सूत्र शोधते. अण्णा हसले आणि खराट्याचे चार हीर घेऊन आले. चारही टोके दोऱ्याने बांधून त्यांनी चौकोन केला आणि दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून तो दाबला. चौकोन चपटा होत गेला. बाजू त्याच होत्या, आतली जागा कमी कमी होत शेवटी जवळजवळ नाहीशी झाली. मग त्यांनी पाचवा हीर कर्णावर बांधला आणि चौकोन हलेनासा झाला. “म्हणून आम्ही कर्ण मोजल्याशिवाय शेतातून निघत नसू,” ते म्हणाले. “चार बांध मोजून जमीन विकत घेणारा माणूस पुढे कोर्टात भेटतो.”

कर्ण बांधल्यावर चौकोन का हलत नाही, हे तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, त्रिकोण मजबूत असतो. म्हणजे काय, यावर मात्र तिच्याकडे शब्द नव्हते. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतोच, दुसरा वेगळा त्रिकोण होऊच शकत नाही, हीच तर एकरूपतेची बाबाबा कसोटी, जी आपण सगळ्यांनी ‘बाबाबा, बाकोबा, कोबाको’ अशी बडबडगीतासारखी पाठ केली आणि नंतर विसरलो. वर्षभर तिने कोनांची मापे काढली होती, वर्तुळाच्या गुणधर्मांवरचे प्रश्न सोडवले होते, प्रत्येक पायरीपुढे एका ओळीत कारणही लिहिले होते, पण एखादे विधान पहिल्यापासून शेवटपर्यंत सिद्ध कर असे तिला त्या पुस्तकाने जवळपास कधी सांगितलेच नव्हते. उत्तर काढणे आणि उत्तर का तेच असले पाहिजे हे दाखवणे यांतला फरक तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

त्यानंतर मी अभ्यासक्रमांची तुलना करण्याची रीत बदलली. प्रकरणांची यादी समोरासमोर ठेवून काही कळत नाही, कारण वर्गसमीकरणे, त्रिकोणमिती, सांख्यिकी सगळीकडेच आहेत. मी एकच प्रमेय घेतले, ‘अंतर्लिखित कोन हा त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो’, आणि प्रत्येक पुस्तक त्याचे काय करते ते पाहिले. आयजीसीएसईचे पुस्तक गुणधर्म सांगून थेट उदाहरणांकडे वळते. एनआयओएसच्या २११ क्रमांकाच्या गणितात भूमितीचे पाठ भरपूर आहेत, पण बरीच विधाने काढून-मोजून पडताळण्यावर भर आहे. एनसीईआरटीमध्ये नीट सिद्धता आहे. आणि आपल्या बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये पक्ष, साध्य, सिद्धता या जुन्या चौकटीत ते प्रमेय उभे आहे, त्याच्या आगेमागे स्पर्शिका-छेदिकेचे प्रमेय आहे, कोनदुभाजकाचे आहे, अपोलोनियसचेही आहे.

जे पुस्तक मी पहिल्या दिवशी ‘ते तर आपले नेहमीचेच’ म्हणून बाजूला सारले होते, ते भूमितीसाठी आमच्या टेबलावरचे सर्वांत भक्कम पुस्तक निघाले. राज्य मंडळाने गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन भाग, चाळीस-चाळीस गुणांच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका, वर्षानुवर्षे टिकवून ठेवल्या आहेत, याची मला आता किंमत कळते. भूमितीची प्रश्नपत्रिकाच वेगळी असल्यामुळे ती टाळून पुढे जाता येत नाही. दहावीची सध्याची पुस्तके २०१८ पासून चालू आहेत आणि बालभारती ती संकेतस्थळावर विनामूल्य देते.

अर्थात त्या पुस्तकातही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. कृतीच्या नावाखाली सिद्धतेत चौकटी ठेवून त्या भरायला सांगणे हा प्रकार मला अजिबात पटत नाही. सिद्धतेचा सगळा विचार पुस्तकाने करायचा आणि मुलाने ‘कोन एबीसी’ किंवा ‘सामाईक बाजू’ एवढेच रिकाम्या जागी लिहायचे, यात मूल परीक्षेत गुण मिळवते आणि स्वतः सिद्धता रचायला शिकत नाही. आम्ही अशा प्रत्येक कृतीवर कागदाची पट्टी चिकटवली. पक्ष आणि साध्य उघडे, बाकी सगळे झाकलेले. स्वतः लिहून झाल्यावरच पट्टी उचलायची. दुसरी तक्रार सरावाची आहे. सरावसंचात प्रत्येक प्रकाराची गणिते थोडी, आणि प्रकरण संपले की ते प्रकरण थेट परीक्षेतच पुन्हा भेटते. शाळेतली मुले ही उणीव क्लासमध्ये भरून काढतात. घरी ती आपल्यालाच भरावी लागते.

इथे मला अमेरिकेतल्या मावसबहिणीचा उपयोग झाला. ती न्यू जर्सीत राहते आणि तिनेही काही वर्षे मुलांना घरी शिकवले. तिकडे हा निर्णय फार वेगळा असतो, कारण दहावीसारखी एकच मोठी परीक्षा नसते. एक वर्ष बीजगणित, पुढचे वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणिताचा दुसरा भाग, असा तिकडचा नेहमीचा क्रम, आणि प्रत्येक टप्प्यासाठी निरनिराळ्या प्रकाशकांचे संच. तिने सॅक्सनचा संच वापरला होता. त्यात एका धड्यात नवे फार थोडे असते आणि त्याखालच्या तीस गणितांत बहुतेक मागच्या धड्यांची असतात, त्यामुळे शिकलेले विसरायला सवडच मिळत नाही. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगची पुस्तके याच्या अगदी उलट वळणाची, म्हणजे आधी अवघड प्रश्न समोर टाकायचा, मुलाला झगडू द्यायचे आणि मग सिद्धांत सांगायचा. ती मला स्वतःला फार आवडली, पण थोरलीला त्यांतली इंग्रजी आणि गणित अशा दोन चढणी एकदम चढाव्या लागल्या असत्या, म्हणून ती पुढे ढकलली. सॅक्सनची पुस्तके मी मागवली नाहीत, फक्त त्यातली सवय उचलली. रोज रात्री मी बारा गणितांचा कागद करत असे. तीन आजच्या प्रकरणातली, नऊ मागची, कुठलीही, क्रम न पाळता. हा कागद करायला मला वीस मिनिटे लागत आणि तो सोडवायला तिला तास. आमच्या सगळ्या प्रयोगांतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी प्रयोग होता. पहिल्या महिन्यात मागच्या नऊपैकी पाच-पाच चुकत, तेव्हा आम्ही ‘झाले’ म्हणून ज्या प्रकरणांपुढे खूण केली होती ती किती कच्ची होती ते उघडे पडले.

बीजगणितासाठी आम्ही एनसीईआरटीची नववी-दहावी घेतली आणि बालभारती भाग १ मधून फक्त अर्थनियोजनाचे प्रकरण उचलले. जीएसटीची आकारणी, समभाग, दलाली यांवरचे ते प्रकरण घरी शिकणाऱ्या मुलांनी जरूर करावे. किराणा दुकानातले आणि औषधांचे बिल समोर ठेवून केले तर त्याला पुस्तकाचीही फारशी गरज लागत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र नाजूक होता. मुलगी मराठीतून विचार करते आणि अकरावीनंतर सगळे इंग्रजीत येणार, हे दिसत होते. बालभारतीचे तेच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन्ही माध्यमांत निघते आणि दोन्हींत प्रकरणे व सरावसंच यांचे क्रमांक तेच असतात, ही सोय वापरायला आम्ही उशीर केला. नंतर दोन्ही पुस्तके शेजारी उघडी ठेवू लागलो. प्रमेय मराठीत वाचायचे, सिद्धता एक दिवस मराठीत आणि एक दिवस इंग्रजीत लिहायची. एकरूप म्हणजे काँग्रुएंट, समरूप म्हणजे सिमिलर, छेदिका म्हणजे सीकंट, अशी वही तिने स्वतः केली. आता बारावीला ती सगळे इंग्रजीत लिहिते, तरी गणित सोडवताना पुटपुटते ते मराठीतच.

परीक्षा तिने शेवटी एनआयओएसची दिली. त्याचे कारण गणित नव्हते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत, आणि वर्षातून दोन सार्वजनिक परीक्षा असतात, ही मोकळीक आम्हाला हवी होती. पहिल्या सत्रात तीन विषय, पुढच्यात दोन, असे केले. माध्यम मराठी घेता येते, हेही महत्त्वाचे. लेखी परीक्षेशिवाय गणितात प्रात्यक्षिकाचे गुण असतात आणि शिक्षकांनी तपासायचे स्वाध्याय वेळेत द्यावे लागतात. तो भाग शेवटच्या आठवड्यावर टाकू नये, कारण अभ्यासकेंद्राकडून उत्तर यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. आम्ही टाकला आणि दोन रात्री जागलो. परीक्षेच्या तयारीसाठी आधीच्या प्रश्नपत्रिका दोन महिने पुरल्या. ज्या मुलीने बालभारतीची भूमिती पट्ट्या झाकून केली होती तिला त्या प्रश्नपत्रिकेतल्या भूमितीने कुठेही अडवले नाही.

धाकट्याचे सगळे वेगळे आहे. त्याला सिद्धतांपेक्षा हिशेब आवडतात, टक्केवारी तोंडी काढतो, आणि गल्लीतली सगळी मुले दहावीला बसणार म्हणून त्यालाही ‘खरी’ दहावीच द्यायची आहे, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. बहिणीने दिली तीही खरीच होती, असे तिने त्याला बऱ्याच कडक शब्दांत सांगून झाले आहे. राज्य मंडळाची परीक्षा दिली तर भाग १ संपूर्ण करावा लागेल, चौकटी भरण्याचाही सराव करावा लागेल, आणि सगळे विषय फेब्रुवारी-मार्चच्या एकाच परीक्षेत येतील. त्याचा स्वभाव पाहता एका तारखेचे ओझे त्याला कदाचित मानवेल. थोरलीला ते मानवले नसते. अभ्यासाची पुस्तके मात्र आम्ही परीक्षा ठरण्याची वाट न पाहता जूनमध्येच ठरवून टाकली आहेत, भूमितीला बालभारती, बीजगणिताला दोन्ही, आणि रात्रीचा बारा गणितांचा कागद, जो आता थोरली करून देते आणि त्यात मुद्दाम एक तरी तिरपागडे गणित घालते.

मागच्या रविवारी अण्णा त्याला घेऊन सिन्नरच्या बाजूला एका नातेवाइकांच्या शेतावर गेले होते. जुनी साखळी आता कोणाकडे नाही, म्हणून साधा टेप नेला. आधाररेषा धरून त्यांनी तुकड्याचे तीन त्रिकोण आणि एक समलंब चौकोन केला. घरी येऊन त्याने क्षेत्रफळ काढले ते सदतीस गुंठे भरले आणि सातबाऱ्यावर अडतीस होते. त्याने आधी स्वतःची आकडेमोड तपासली, मग टेप तपासला, आणि आता तो म्हणतो आहे की एक लंब वाकडा धरला गेला असणार, पुढच्या रविवारी पुन्हा जायचे. फॉर्मच्या तारखा अजून यायच्या आहेत.